जॅक का बसला

बायको : हलत नाहीये हा नट. जीव काढला माझा.

मिस्त्री : हलेल. तू पान्याचा गळा धरलायस. शेंड्याला धर. लांब धरलं की जोर कमी लागतो.

बायको : चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलंय मी. जोर कुठे लावायचा ते मला शिकवू नका.

मिस्त्री : शिवणयंत्राला पाय लावतेस. इथे हात लागतात. घड्याळाच्या उलट.

बायको : उलटच फिरवतेय... आला! अहो, फिरला बघा!

मिस्त्री : शेंड्याला धरलंस म्हणून.

बायको : बरं, तुमचं खरं. स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला बरं जमतं तुम्हाला.

मिस्त्री : मग ये, तू बस स्टुलावर. मी करतो.

बायको : बसा हो. गंमत केली.

मिस्त्री : आता पुढे नको फिरवूस. आधी पातेलं खाली सरकव. जॅकच्या पोटात तेल आहे, ते काढायचं. बाजूला रबरी बूच आहे बघ, ते उपस.

बायको : हे? निघालं. येतंय तेल. अगंबाई, केवढं काळं हे!

मिस्त्री : काळं? मी तर नवं घातलं होतं. रबराचा चुरा असेल. चार महिने पडून आतली सीलं सुकली असतील, तुकडे पडले असतील. येऊ दे सगळं.

बायको : मला एक सांगा. संध्याकाळी शेजारचा टायरवाला चावी घ्यायला येणार. गॅरेज त्याचं होणार, त्याबरोबर हा जॅकही त्याचा होणार. मग त्याचा जॅक आपण कशाला दुरुस्त करत बसलोय?

मिस्त्री : काल त्याने लावून बघितला तर गाडी आपोआप खाली यायला लागली. बसणारा जॅक मी कुणाच्या हातात देणार नाही.

बायको : तो म्हणत होता, मी घेईन करून, काका.

मिस्त्री : तो टायर चांगले बसवतो. जॅक उघडायचं त्याचं काम नाही.

बायको : आणि माझं आहे!

मिस्त्री : तुला मी सांगतोय ना. आता तो मोठा नट पुरा काढ. हळू. आतून एक बारीक गोळी निघेल, तिच्यावर लक्ष ठेव.

बायको : निघाली. मण्याएवढी आहे.

मिस्त्री : तो छर्रा. तो हरवला तर जॅक भंगारात. आण, मी बशीत ठेवतो.

बायको : राहू द्या, मीच...

मिस्त्री : आण म्हणतो ना.

बायको : घ्या.

मिस्त्री : अरे! पडला.

बायको : हलू नका. पाय उचलू नका. हा बघा, तुमच्या चपलेपाशीच आहे. सापडला.

मिस्त्री : तूच ठेव बशीत. मला देऊ नकोस.

बायको : एवढं काय त्यात? आठ महिन्यांपूर्वी चमचा धरता येत नव्हता. आता शर्टाची बटणं लावता स्वतःची स्वतः.

मिस्त्री : वरची दोन तू लावतेस.

बायको : ती मी हौसेने लावते.

मिस्त्री : अंगठा आणि ही दोन बोटं अजून मोजा घातल्यासारखी आहेत. गरम-गार कळतं. पण धरलंय की सुटलंय ते कळत नाही. छर्रा गेला तेव्हा मला फरशीवर वाजल्यावर समजलं.

बायको : अहो, एक विचारू?

मिस्त्री : विचार.

बायको : त्या दिवशी इथे नक्की काय झालं, ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत. लकव्याच्या आजारातून उठून पुन्हा कामाला लागला होतात, मला किती बरं वाटत होतं. आणि एका संध्याकाळी घरी आलात, हात धुतलेत नि म्हणालात, उद्यापासून गॅरेज बंद. मला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ते आजपर्यंत.

मिस्त्री : सांगण्यासारखं काही नाही. तो जुना ब्रश घे, नळकांड्याचं तोंड घास.

बायको : घासतेय. चार महिने भिंतीकडे तोंड करून झोपताय. सांगण्यासारखं नसेल तर मी त्या भिंतीलाच विचारते.

मिस्त्री : डॉक्टरीणबाईंची गाडी होती.

बायको : आपल्या? हाताचे व्यायाम करून घ्यायच्या त्या?

मिस्त्री : त्याच. म्हणाल्या, तुम्ही परत उभे राहिलात, आता माझी गाडी तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही. एक चाक काढायचं होतं. जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं. घोडी आणायला वळलो.

बायको : घोडी म्हणजे ते लोखंडी स्टँड ना, गाडीखाली ठेवायचं?

मिस्त्री : हो. जॅक नुसता उचलतो. धरून ठेवते ती घोडी. ती लावल्याशिवाय गाडीच्या खाली हात घालायचा नाही, हे मी जगाला सांगत आलो. वळलो, दोन पावलं गेलो असेन. मागे धाडकन आवाज झाला. गाडी खाली.

बायको : पण तुम्ही तर लांब होतात.

मिस्त्री : मी होतो. डॉक्टरीणबाई नव्हत्या.

बायको : काय?

मिस्त्री : त्यांचं पेन पडून गाडीखाली घरंगळलं होतं. ते घ्यायला त्या वाकल्या होत्या. माझी पाठ, मला काही दिसलं नाही. हात आत घालणार तेवढ्यात गाडी बसली. चार बोटांचं अंतर होतं गं, जास्त नाही.

बायको : आई गं.

मिस्त्री : त्या हसल्या. म्हणाल्या, वाचले बाई. मला काही हसू येईना. हा इथे बाजूला व्हॉल्व्ह आहे ना, तो फिरवून बंद केला की आतलं तेल अडून राहतं, म्हणून गाडी वर राहते. उघडला की गाडी खाली येते. तो मी बंद केला होता. म्हणजे मला तसं वाटलं होतं. याच हाताने. पण या बोटांना कळतंय कुठे? अर्धा उघडाच राहिला असणार.

बायको : असणार, असणार! नंतर बघितलंत का?

मिस्त्री : घाबरून आधी हात तिथेच गेला. फिरवून टाकला. मग उघडा होता की बंद, ते मलाच सांगता येईना.

बायको : मग जॅकच बिघडला असेल. लगेच स्वतःच्या माथी कशाला मारून घ्यायचं?

मिस्त्री : सीलं नवी होती त्यात. आजारी पडलो त्याच सकाळी मी बसवली होती. पुरता महिनाही वापरलेली नव्हती. जॅक कशाने बिघडेल? बिघडलोय तो मी. ज्या बाईने माझ्या बोटांसाठी दोन महिने घाम गाळला, तिचीच बोटं मी घालवणार होतो. म्हणून चावी द्यायची. कळलं आता?

बायको : कळलं. चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर तेव्हाच कळलं असतं.

मिस्त्री : तेव्हा सांगितलं असतं तर तू रडली असतीस.

बायको : मग रडले असते. दोघं मिळून रडलो असतो. एकट्याने कशाला सोसत बसायचं ते?

मिस्त्री : बरं, आता पिस्टन ओढ. हा जाड दांडगा रूळ. सरळ ओढायचा, वाकडा नाही.

बायको : येत नाहीये.

मिस्त्री : यायला पाहिजे. सील सुकलं असेल तर सुळकन येतो.

बायको : सुळकन कसला! बाटलीत बूच फुगून बसावं तसा बसलाय.

मिस्त्री : गोल फिरवत ओढ.

बायको : येतोय... येतोय... निघाला! ई, हे काय लिबलिबीत? बोटांना काळं लागतंय सगळं.

मिस्त्री : उजेडात आण. अजून जवळ. हे सुकलेलं नाही.

बायको : मग?

मिस्त्री : पाकिटातलं नवं सील काढ. याच्या शेजारी धर.

बायको : धरलं. नवं कसं बारीक आणि ताठ आहे. जुनं त्याच्या सव्वापट आहे. याची कड तर पार लोंबतेय, इस्त्री करताना जळलेल्या इलॅस्टिकसारखी.

मिस्त्री : सील झिजतं, चिरतं, सुकतं. फुगत नाही. फुगतं एकाच गोष्टीने. जा, ग्लासभर पाणी आण.

बायको : पाणी पिता का? बरं नाही वाटत?

मिस्त्री : मला नको. पातेल्यातलं तेल चमचाभर त्या पाण्यात टाक. जॅकचं तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. ब्रेकचं तेल विरघळून जातं.

बायको : टाकते हं.

(दोघंही ग्लासकडे बघत राहतात.)

बायको : थोडंसंच वर आलंय.

मिस्त्री : बाकीचं विरघळलं. ब्रेक ऑइल आहे हे. निम्म्याहून जास्त. जॅकच्या रबराला ते खातं. दोन महिन्यांत लोण्यासारखं करून टाकतं. मग व्हॉल्व्ह कितीही आवळा, जॅक बसणारच. पण माझ्या गॅरेजात जॅकमध्ये ब्रेक ऑइल घालणार कोण? मी झोपेत घालणार नाही. इथे दुसरं कोण येतं? अगं, काय झालं? अशी खाली का बसलीस?

बायको : मी घातलं.

मिस्त्री : तू?

बायको : तुम्ही पडलात त्या दिवशी. इथेच, या जॅकपाशी पडला होतात. तेलाची बाटली लवंडलेली, सगळं तेल फरशीभर. तुम्हाला नेलं. बावीस दिवस तुम्ही तिथे होतात. मी रोज हॉस्पिटलमधून घरी जाताना इथे येत होते. फरशी पुसली. पाने जागच्या जागी लावले. हा तसाच होता, बूच उघडं, बाजूला तुमचं फडकं. तेल भरता भरता राहिलं होतं तुमचं. मला ते बघवेना. वाटलं, हे पुरं करून ठेवलं की तुम्ही बरे होऊन याल. वेडेपणा होता, पण तेव्हा तसंच वाटत होतं हो.

मिस्त्री : आणि भरलंस.

बायको : फळीवरच्या त्या बाटल्या. चष्म्याशिवाय तुम्हाला वाचता येत नाही म्हणून मीच त्यांच्या गळ्याला दोरे बांधले होते. जॅकच्या तेलाला निळा, ब्रेकच्या तेलाला लाल. पण हात लागून लागून दोन्ही काळेकुट्ट झालेले. खिडकीशी नेऊन बघितले. एवढी शिंपीण मी, काळ्यातले चार काळे ओळखते. म्हटलं, हाच निळा. ओतलं, बूच लावलं आणि डोळे पुसत घरी गेले.

मिस्त्री : त्या सकाळी सीलं बसवली तिथवर आठवतं, पुढचं काही आठवतच नाही. कामावर आलो तर बूच लावलेलं दिसलं. वाटलं, आपणच लावलं असेल.

बायको : डॉक्टरीणबाईंचा हात गेला असता. तुम्ही खाली असतात तर तुम्ही... माझ्या हातून झालं असतं सगळं. तुम्ही चार महिने स्वतःला खाताय, मी शेजारी झोपतेय, आणि दोष माझा! अहो, बोला काहीतरी. ओरडा तरी माझ्यावर. तुम्ही... तुम्ही हसताय?

मिस्त्री : म्हणजे व्हॉल्व्ह मी बंद केला होता.

बायको : मी काय सांगतेय नि तुमचं काय चाललंय!

मिस्त्री : बंद केला होता गं. या हाताने. मला वाटलं होतं ते खरं होतं.

बायको : हसताय का रडताय? डोळ्यांना हात लावू नका, तेल आहे हाताला. थांबा, मी पुसते पदराने.

मिस्त्री : पांघरुणात हा हात असा फिरवून बघायचो मी. बंद, उघडा, बंद, उघडा. वाटायचं, कधीतरी आठवेल. कधीतरी बोटंच सांगतील, त्या दिवशी कितपत फिरलो होतो ते.

बायको : आणि मला वाटायचं, व्यायाम करताय. मी मनात म्हणायची, किती मनापासून करतात हे.

मिस्त्री : वाटलं होतं, आता मी कुणाच्याच कामाचा नाही. कशालाही हात लावायला भीती वाटायची. तुझ्या हातावर हात ठेवतानासुद्धा वाटायचं, जास्त तर दाबला जात नाहीये ना.

बायको : हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, मीच नकोशी झालेय.

मिस्त्री : वेडी आहेस.

बायको : खरं सांगा, राग नाही आला माझा? गोड बोलून उडवू नका.

मिस्त्री : आला. ग्लासात बघितलं तेव्हा, तुझं नाव कळायच्या आधी, ज्याने कुणी हे केलं त्याचा गळा धरावासा वाटला. कळल्यावर मात्र डोळ्यांपुढे तू आलीस. एकटी, इथे, ती काळी बाटली खिडकीत धरून उभी. कसला राग येणार? आणि माझे चार महिने तुझ्या तेलाने नाही गेले. मी गप्प बसलो म्हणून गेले. त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर तू बाटलीचं बोलली असतीस की नाही?

बायको : हात धुऊन होईपर्यंतसुद्धा थांबले नसते.

मिस्त्री : मग झालं. तू चुकीचं ओतलंस, मी तोंड शिवलं. फिटंफाट.

बायको : माझ्याकडून नाही झाली फिटंफाट. डॉक्टरीणबाईंना मी जाऊन सांगणार. उद्याच.

मिस्त्री : दोघं जाऊ. आता ऊठ. जॅकमध्ये ब्रेक ऑइलचा थेंब राहता कामा नये. आधी साबणाच्या पाण्याने धू, मग पुसून चांगलं कोरडं कर. कापड कुठलं घेतेस? दशा सुटणारं नको, एक धागा आत राहिला तरी नडेल.

बायको : कापडाचं मला सांगता? हे मांजरपाट बघा, दहा वेळा धुतलेलं. हे सील उलट-सुलट असतं का हो?

मिस्त्री : असतं. ती पसरट कड आत, तेलाच्या बाजूला. तेल दाबलं गेलं की कड फुलते आणि भिंतीला चिकटते. उलटं बसवलं तर सगळं बाजूने निघून जातं.

बायको : स्क्रूड्रायव्हरने ढकलू?

मिस्त्री : अजिबात नको! चरा पडेल. स्वच्छ तेल लाव आणि बोटाने बसव, कडेकडेने.

बायको : बाही बसवते तसं. थोडं थोडं सामावून घेत. ओढायचं नाही, ताणायचं नाही. हं. हं... बसलं.

मिस्त्री : बसलं? एवढ्यात? मला अर्धा तास लागायचा. बघू. बसलं की! कुठे मुरड नाही, काही नाही.

बायको : आता चावीचं काय?

मिस्त्री : चावी द्यायची.

बायको : अहो, पण हाताचा दोष नव्हता ना?

मिस्त्री : त्या दिवशी नव्हता. पण छर्रा पडला तो तू आत्ताच बघितलास. एकट्याने नाही झेपणार मला हे. चाकं काढायची, जड उचलायचं, ते त्याने करावं.

बायको : मग पुढची बाजू द्या त्याला. हे मागचं टेबल आपलं राहू दे. जॅक, पंप, जे काही असं बारीक बारीक असेल ते येऊ दे इथे. तुम्ही सांगा, मी करते.

मिस्त्री : आणि शिवण?

बायको : सकाळी शिवण, दुपारी हे. यंत्रच इथे आणते खिडकीपाशी. घरापेक्षा उजेड चांगला आहे.

मिस्त्री : लोक हसतील.

बायको : हसू देत की. चार महिन्यांनी तुम्ही हसलात, आता लोकांची पाळी.

मिस्त्री : बाटल्यांवर मात्र मोठ्या अक्षरांत लिहायचं. दोरे बंद.

बायको : दोरे बंद. पिस्टन, छर्रा, नट बसवले, तेलही भरलं, पाण्यात तपासून घेऊन. चला, हा लावून बघायचा कशाला?

मिस्त्री : आपलीच गाडी घेऊ. पडली तर आपली पडेल. ढकल त्याला खाली, पुढच्या चाकामागे. आता घोडी ठेव शेजारी, पण टेकू देऊ नकोस. दोन बोटं खाली असू दे. जॅक बसला तर गाडी तिच्यावर बसेल.

बायको : ठेवली. आता व्हॉल्व्ह?

मिस्त्री : तो मी करतो.

बायको : करा.

मिस्त्री : झाला. मार दांडा.

बायको : उचलतोय हो! सुरेख उचलतोय. बस्स? थांबा, टेपने मोजते. टायर ते फरशी, सव्वातीन इंच. किती वेळ ठेवायचं?

मिस्त्री : दहा मिनिटं. गाडीला हात लावू नकोस. इथे माझ्याशेजारी येऊन बस.

बायको : स्टूल एकच आहे.

मिस्त्री : मावशील.

टायरवाला : काका, येऊ का आत? चावीसाठी... अरे, काकू! हे काय, तोंडालासुद्धा तेल?

बायको : ये रे. तेल आहे, जाईल धुतल्यावर. आम्ही जॅक केला.

टायरवाला : तुम्ही? वा! उचललीय की गाडी. किती वेळ झाला?

बायको : सात मिनिटं. सव्वातीन इंच होतं, सव्वातीनच आहे. टेप खोटं बोलत नाही.

मिस्त्री : दहा होऊ दे. बस तिथे टायरवर. चावीचं जरा बदललंय.

टायरवाला : म्हणजे देणार नाही?

मिस्त्री : देणार. पण एक आमच्याकडे राहील. पुढचं सगळं तुझं. मागचं टेबल आमचं. चालेल का तुला? नसेल चालत तर मोकळेपणी सांग.

टायरवाला : चालेल काय, काका! मी पहिल्याच दिवशी हे म्हणणार होतो. तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही. येणारा प्रत्येक माणूस मला विचारतो, मिस्त्री कुठे. मी काय सांगायचं?

मिस्त्री : सांग, आत बसलेत.

टायरवाला : काल मी लावला तेव्हाही असाच उचलला होता हं, काका. मग हळूहळू बसायला लागला. व्हॉल्व्ह नीट आवळलाय ना? थांबा, मी एकदा हात लावून बघतो.

बायको : नको बघूस. त्यांनी बंद केलाय.